श्वानदंश शून्य : अहवाल स्वच्छ राखण्याचे उपाय

गणपतीच्या आठवड्याचा एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा अहवाल नुकताच नजरेखालून गेला. ताप, जुलाब, सर्पदंश, सगळं जागच्या जागी. श्वानदंश : ०. घराघरात मुंबईची पाव्हणेमंडळी, पाणंदीपाणंदीत फटाके आणि अनोळखी पावलांनी बिथरलेली कुत्री, आणि दंश शून्य. त्याच केंद्राने त्याच आठवड्यात रेबीजच्या लशीच्या कुप्या संपल्या म्हणून तालुक्याला तातडीची मागणी पाठवलेली. म्हणजे चावलं कोणालाच नाही, लस मात्र संपली. असा शून्य काढायला हात बसावा लागतो. ज्यांचा अजून बसलेला नाही, ज्यांच्या अहवालात अधूनमधून खरे आकडे डोकावतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात घरापासून करावी. कुत्रा चावला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरण चरबीचं, ते साबणाने मोडतं. पण पंधरा मिनिटं म्हणजे फार. तेवढ्यात चुना लावून, हळद-मिरची दाबून, फडकं बांधून होतं. आग झाली की औषध लागू पडल्यासारखं वाटतं. आणि कुत्रा वाडीतलाच असेल तर केंद्राची पायरी चढूच नये. "घरचोच कुत्रो तो, काय होवचा नाय." त्या घरच्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली, हे विचारणं शेजारधर्माला सोडून आहे.

तरी कोणी चिकाटीने केंद्रात आलाच, तर आणखी चार जण जमेपर्यंत त्याला बाकावर बसवावं. लस कातडीत द्यायची तर दोन्ही दंडांवर ०.१ मिली, म्हणजे एका खेपेला ०.२. एक मिलीची कुपी पाच जणांना पुरते आणि फोडली की सहा ते आठ तासांत संपवावी लागते. एकट्यासाठी कुपी फोडणं जिवावर येतं. माणसाच्या नव्हे, स्टोअरकीपरच्या. "सोमवारी या, माणसं असतात." लशीचं वेळापत्रक ०, ३, ७, २८ असं आहे, त्यातला शून्यावा दिवस म्हणजे पहिली लस घेतली तो दिवस. तो जितका पुढे ढकलाल तितका हा शून्य अहवालातल्या शून्याच्या जवळ येतो.

जखमेची वर्गवारी करताना मन मोठं ठेवावं. शाबूत कातडीला चाटलं, ती पहिली कॅटेगरी, काही द्यायचं नाही. खरचटलं, रक्त नाही, ती दुसरी, लस. कातडी फुटून रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली, ती तिसरी, लशीबरोबर सीरम, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडं. आता सीरम तुमच्याकडे नाही, ते ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर थेट जिल्ह्याला. तिसरी लिहिलीत की चिठ्ठी आली, गाडी आली, फोन आले. दुसरी लिहिलीत की चहा आला. शिवाय सीरमचं गणित किचकट. घोड्याच्या रक्तातून काढलेलं असेल तर किलोमागे ४० युनिट. पन्नास किलोच्या माणसाला २,००० युनिट, म्हणजे दीड हजाराच्या दोन कुप्या. ते आधी जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचायचं. बोटाला चावलं असेल तर बोटात, जेवढं मावेल तेवढं. रुग्ण बोंबलतो. कमरेत टोचलं तर बोंबलत नाही, आणि कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. वजनकाट्यावर फायली रचलेल्या असतात, तेव्हा 'अंदाजे ५०' लिहावं. आणि पहिल्या लशीनंतर सात दिवस उलटले की सीरम द्यायचंच नसतं, कारण तोवर शरीर स्वतःच प्रतिपिंडं करू लागलेलं असतं. म्हणून रुग्णाला आठव्या दिवशी जिल्ह्याला पाठवलं की बाटलीही वाचते.

पूर्वी रोगांच्या सरकारी नोंदीचा कागदी पी फॉर्म सोमवार ते रविवार असा आठवड्यातून एकदा भरायचा. एप्रिल २०२१ पासून त्याच नोंदींसाठी आयएचआयपी हे ऑनलाइन पोर्टल आलं. जे आठवड्यातून एकदा लपवावं लागायचं ते आता रोज लपवावं लागतं. यावर उपाय शनिवार. केंद्र खोऱ्यात, रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, आणि ओटीपी जातो बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांच्या मोबाईलवर. तेव्हा आठवड्याच्या सगळ्या नोंदी शनिवारी संध्याकाळी एका बैठकीत उरकाव्या, दंशाची तारीख आजची टाकून. जिल्ह्याच्या पडद्यावर मग असं दिसतं की तालुक्यातली कुत्री आठवडाभर उपास धरतात आणि शनिवारी सोडतात. मंगळवारी सकाळी एकच कुत्रा तीन वाड्यांतून चावत गेला होता, हे ज्या तारखांवरून कळलं असतं त्या तारखा गेल्या. सुंठीवाचून खोकला गेला.

शून्य अगदीच जमत नसेल तर उलट्या टोकाने जावं. ओपीडीच्या वहीत प्रत्येक डोसला नवा दंश मोजावा. एक माणूस, चार खेपा, चार चावे. सीरमसाठी पाठवलात की ग्रामीण रुग्णालयाचा पाचवा. आकडा इतका फुगवावा की खरा असला तरी कोणी विश्वास ठेवू नये.

माकड, मुंगूस, कोल्हा : 'इतर'.

पत्ता आधारवरचाच घ्यावा. चावा गुहागरला, आधार डोंबिवलीचं. नकाशावरचा ठिपका डोंबिवलीत उमटतो आणि कुत्रा गुहागरात देवळाच्या पायरीवर निवांत. चाकरमानी शून्याव्या दिवसाची लस घेऊन गणपती स्पेशलमध्ये बसतो, तिसऱ्या दिवसाची तिकडे घेईल अशी सगळ्यांची श्रद्धा असते, आणि कार्ड इथे माजघरात कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेलं. त्याला फोन करू नये. तो आता दुसऱ्या जिल्ह्याचा.

खासगी दवाखान्यांना काही सांगावं लागत नाही, ते धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन गप्प राहतात.

२८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, रॅली मात्र काढावी. फोटो लगेच अपलोड होतात, सर्व्हर त्या दिवशी कधी बंद नसतो.

आता मुख्य कलम. माणसाची नोंद एक वेळ झाली तरी चालेल. कुत्र्याची होता कामा नये. वहीत 'प्राण्याची सद्यस्थिती' असा रकाना असतो. त्यात 'अज्ञात' लिहावं. डोळे मिटून, सरसकट, शिक्का करून घेतलात तरी चालेल. कारण या एका रकान्यात सगळी गोम आहे. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू उतरला की ते जनावर थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं. चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची, कुत्र्याची वाट बघायची नाही. पण दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट निघाला तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर ठरवू शकतात. आणि चौथ्या दिवशी तो मेला, तर त्याने त्या आठवड्यात आणखी कोणाला ओरबाडलं, कोणत्या पोराचा हात चाटला, कोणाची शेळी फाडली, हे शोधत वाडीत फिरायला हवं. सर्वेक्षण म्हणतात ते हेच. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी. (हा दहा दिवसांचा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच. कोल्ह्यावर दहा दिवस नजर ठेवतो म्हणणाऱ्याला काय सांगणार?)

आणि ही नजर ठेवायची कोणी? आशाताईंना बाळ-बाळंतिणीच्या भेटींचं मानधन आहे, कुत्र्याच्या भेटीचं नाही. ग्रामपंचायत म्हणते, जनावर आहे, पशुसंवर्धनाला विचारा. पशुसंवर्धनवाले म्हणतात, भटकं कुत्रं पंचायतीच्या हद्दीतलं. दोघं मिळून म्हणतात, माणूस चावलाय ना, मग आरोग्य खातं. माणूस आरोग्याच्या पोर्टलवर, गाय पशुसंवर्धनाच्या, कोल्हा वन खात्याच्या वहीत, आणि तिघांचे साहेब महिन्यातून एकदा पंचायत समितीच्या एकाच सभागृहात एकाच ताटातले वडे खातात. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. कुत्र्याच्या गळ्यात सुतळीसुद्धा नाही.

कुत्रा पिसाळलाच, तर वाडी तो निस्तरते. काठ्या घेऊन दहा जण निघतात आणि घालतात नेमक्या डोक्यात, कारण तपासायचा असतो तो मेंदूच. चेंदामेंदा झालेल्या मेंदूतून प्रयोगशाळा काय बघणार? दुपारच्या आत काजूच्या बुंध्याशी खड्डा, वर मीठ, वर जांभा दगड. प्रेत अखंड राहिलं असतं, डोकं किंवा मेंदूचा तुकडा पशुवैद्यकांनी हातमोजे घालून काढला असता, दुहेरी प्लास्टिकमध्ये बर्फात ठेवून घाट चढवून पुण्याला पाठवला असता, तर उत्तर मिळालं असतं. फॉर्मेलिनमध्ये बुडवून नव्हे. त्याने नेहमीच्या चाचणीला लागणारा ताजा मेंदू बाद होतो. पण बर्फ मासळीला लागतो. बर्फ बंदरावर टनाने मिळतो, याची कोणी आठवण करून देऊ नये.

गाईचंही तेच. गाय चारा टाकते, लाळ गाळते, घोगरी हंबरते, कळा दिल्यासारखी करते. घशात काहीतरी अडकलं म्हणून मालक कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. हाताला विळ्याच्या, काट्यांच्या चिरा असतातच. तीन-चार दिवसांनी गाय मरते. मग अख्खी वाडी केंद्रात धावते, कारण सगळ्यांनी त्या गाईचं दूध प्यायलंय, तेही उकळून, चहात! उकळलेल्या दुधाने काही होत नाही. डॉक्टर सगळ्यांची समजूत काढतात आणि ज्याने तोंडात हात घातला तो घरी ओटीवर बसलेला असतो, कारण त्याला कोणी चावलेलंच नाही. फॉर्ममध्ये 'चावा' विचारतात. त्याच्याकडे चावा नाही. तो नोंदीत कसा येणार?

बांद्याच्या पलीकडे गोव्यात वेगळा वेडेपणा चालतो. तिथे लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याची जागा मोबाईलवर नोंदवतात, अंगाला रंगाची खूण करतात, दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळेपर्यंत गल्ल्या पिंजून काढतात. २०२१ साली त्या राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. कुत्र्यांना चेकपोस्टवर पास लागत नाही, ती इकडून तिकडे जातात. म्हणजे आपण त्यांच्या कामावर पाणी ओतायलाही समर्थ आहोत.

२०२४ सालात देशभरातून केंद्र सरकारकडे ३७ लाखांहून जास्त श्वानदंश कळवले गेले आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अंदाज आहे वर्षाला ५,७२६. एका बाजूला ५४, दुसऱ्या बाजूला ५,७२६. मधली माणसं कुठे गेली? घरी गेली. रेबीजची लक्षणं दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही, म्हणून रुग्णालयं 'घरी न्या' म्हणतात. माणूस पाण्याला घाबरत, वाऱ्याच्या झुळकीने दचकत खोलीत मरतो, आणि दाखल्यावर 'ताप' येतो. चावा दोन-तीन महिन्यांपूर्वीचा. मे महिन्यात चावलेल्या पिल्लाची जुलैत कोणाला आठवण? वहीत असती तर असती.

हा शून्य येतो कुठून, तेही माहीत आहे सगळ्यांना. ज्या केंद्राने खरे चाळीस दंश लिहिले, त्याच्या डॉक्टरला आढावा बैठकीत उभं करतात. "तुमच्याकडेच एवढे कसे?" ज्याने शून्य लिहिला तो खाली बसून बिस्किटं खातो. पुढच्या महिन्यात चाळीसवाला शहाणा होतो. साहेब, हे तुम्ही शिकवलंत त्याला. चाळीस लिहिणाऱ्याचं कौतुक करून शून्यवाल्याला उभं करायला हवं होतं, आणि लशीच्या साठ्याची वही शेजारी ठेवून विचारायला हवं होतं, की कुप्या गेल्या कुठे. दोन वह्या शेजारी ठेवायला कुठलं पोर्टल लागतं? नेटवर्क लागतं? ओटीपी लागतो? आणि डॉक्टर, तिसऱ्या कॅटेगरीची दुसरी करताना तुमचा हात कसा थरथरला नाही? त्या माणसाला तुम्ही सीरम नाकारलंत, आणि नाकारलं हे त्याला कळूही दिलं नाहीत. सर्व्हरवर ढकलू नका हे. ही दुसरी तुमच्या अक्षरात आहे.

आणि बाकीचे आपण, 'काय होवचा नाय'वाले. तुमच्या दारातल्या कुत्र्याला वर्षाला एक लस टोचून घ्यायला काय धाड भरली आहे? तो पोरांच्या ताटात तोंड घालतो.

त्या केंद्राने मागवलेली लस एव्हाना पोचली असेल. आधीची ज्यांना टोचली त्यांची नावं फ्रिजशेजारच्या वहीत, पेनाने लिहिलेली आहेत. मोबाईल नंबरही असतील. कुत्र्यांचा दहावा दिवस गेला. माणसांचा अठ्ठाविसावा अजून चार-पाच दिवस लांब आहे, आणि त्यातली अर्धी माणसं आता मुंबईत आहेत. वही उघडा आणि फोन लावा. सड्यावर जाऊन लावा.