विजयनगर की राधानगर? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चार वेळा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर विजयनगरच्या बाजूला, पाच नंबर बीचवर राहा आणि राधानगरला फक्त सूर्यास्ताला जाऊन या, असं मी लिहिलं होतं. ते वाचून ताई सासू-सासऱ्यांना घेऊन त्रिपुरी पौर्णिमेला तिथे दोन रात्री राहिल्या. जास्तीचे पैसे मोजून समुद्रासमोरची खोली घेतली. दुपारी पोचल्या तर समुद्र लांब गेलेला, मध्ये नुसता खडक आणि चिखल. डुंबायला म्हणून राधानगरला गेल्या, तर तासाभरात जीवरक्षकांनी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. मग काळोखात बारा किलोमीटर परत. ताईंचा प्रश्न असा: ‘राधानगरलाच राहा, हे सरळ का नाही लिहिलंत? की तुम्हाला त्या हॉटेलवाल्यांचे पैसे मिळतात?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. अंदमानला तिन्ही वेळा स्वतःच्या खर्चाने गेलो आणि कुठल्याही हॉटेलचं नाव मी लेखात घेतलेलं नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. ‘विजयनगरला समुद्र अगदी दारात’ असं मी लिहिलं, पण तो समुद्र दिवसातून दोनदा दारातून निघून जातो हे लिहिलं नाही. ते लिहायलाच हवं होतं. तुमच्या सासूबाई एवढ्या लांब आल्या आणि पहिल्या दिवशी त्यांचे पाय धड भिजले नाहीत, हे वाचून फार वाईट वाटलं. मनापासून माफी मागतो.

पण तिथे असं का होतं, ते सांगायला हवं, कारण जागा निवडण्याचं सगळं गणित त्यातच आहे. बेटाच्या पूर्वेकडे, म्हणजे गोविंदनगर ते काळापत्थर या पट्ट्यात, किनाऱ्यालगत प्रवाळाचं उथळ पठार आहे. अंदमानात उधाणाची भरती-ओहोटी दोन मीटरच्या आसपास, मुंबईपेक्षा बरीच कमी. तरी पाणी इतकं लांब जातं, कारण तळ जवळजवळ सपाट आहे. पश्चिमेच्या राधानगरला उतार बरा आणि खाली रेती. तिथे ओहोटीतही पोहता येतं.

दुसरी गोष्ट तिथीची. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी चढतं खूप आणि ओसरतंही खूप. भांगाला दोन्ही कमी. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात सहा तासांच्या आसपास. तुम्हाला पौर्णिमेच्या दुपारी ओहोटी मिळाली, म्हणजे आठवड्याने गेला असतात तर त्याच खोलीसमोर दुपारी पाणी दिसलं असतं. मात्र तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशेब तिथे चालवू नका. तिथलं वेळापत्रक वेगळं, ते मोबाईलवर मिळतं.

म्हणून खोली घेताना ‘सी व्ह्यू आहे का’ एवढंच विचारून थांबू नये. ‘आम्ही येऊ त्या दिवशी ओहोटी किती वाजता आणि तेव्हा पाण्यापर्यंत किती चालावं लागतं?’ असं विचारावं. हॉटेलवाल्याने तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही, खोलीतून समुद्र दिसतच होता. पण बुकिंगच्या वेळी त्याने आपणहून सांगायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

तरीही ‘सगळ्यांनी राधानगरलाच राहावं’ हे मला पटत नाही. जेट्टी, बाजार, औषधाचं दुकान, स्कूटर भाड्याने देणारे, स्कूबावाले, सगळं पूर्वेकडे. स्कूबावाले भल्या सकाळी बोलावतात, एलिफंट बीचच्या बोटीही सकाळीच सुटतात. राधानगरला मुक्काम असेल तर श्यामनगर, कृष्णनगर ओलांडून अंधारातच निघावं लागतं. तिथे राहायच्या जागा मोजक्या आणि संध्याकाळनंतर सगळं सामसूम. शिवाय जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट त्या किनाऱ्यावर येतो, लाटा मोठ्या असतात. तेव्हा पूर्वेची बाजू शांत.

शिट्टीचं म्हणाल तर त्या जीवरक्षकांवर राग धरू नका. अंदमान आपल्या पूर्वेला इतकं लांब, पण घड्याळ आपलंच. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, पाठोपाठ काळोख. आणि अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळच मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा जीव गेला. तिथे दुपारी दोनलाच पोचावं, हेही मी लेखात ठळक लिहायला हवं होतं.

तुम्ही ज्याला ‘नुसता खडक आणि चिखल’ म्हणालात, त्याबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती. तिला पोहता येत नाही. विजयनगरला ओहोटी लागली तशी एक होडी हळूहळू कलून रेतीवर टेकली आणि आम्ही दोघं चपला घालून त्या उघड्या पठारावर गेलो. खळग्यात घोटाभर पाणी, त्यात बोटभर निळे मासे. एक काळी समुद्रकाकडी, हललेली कळतही नव्हती. आईने एक शंख उचलला तर आतून पाय बाहेर आले. तिने घाईघाईने तो होता तिथेच ठेवला आणि हात जोडले. परत आल्यावर किनाऱ्यावर वाकलेल्या सागरी मोहाच्या झाडाखाली ती अंधार पडेपर्यंत बसून होती. आजही अंदमान म्हटलं की सेल्युलर जेलच्या पाठोपाठ ती त्या खळग्याचं नाव काढते. (प्रवाळावर पाय देऊ नये, आणि शंख-प्रवाळ घरी आणू नयेत. प्रवाळ नेणं गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात.)

तेव्हा लेखात बदल केला आहे. पोहायचंच असेल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील तर राधानगर, दोन्ही रात्री, जेट्टीची गाडी आधी ठरवून. स्कूबा करायचं असेल किंवा एकच रात्र असेल तर गोविंदनगर-विजयनगर, तिथी पाहून. तुमचा अनुभवही तुमचं नाव न घालता तिथे दिला आहे. नको असेल तर सांगा, काढतो.

तुमचा भाऊ मुलांना घेऊन नीलला, म्हणजे शहीद द्वीपला जातोय असं तुम्ही लिहिलंत. ते बेट इतकं लहान की कुठेही राहिलं तरी बाकी सगळं जवळच. भरतपूरचा किनारा जेट्टीला लागून, मुलांना बरा, पण तिथेही प्रवाळ आणि उथळ पाणी. सूर्यास्त लक्ष्मणपूरला, सूर्योदय सीतापूरला. मी असतो तर लक्ष्मणपूरला राहिलो असतो, वाळूचा पट्टा लांब आहे आणि संध्याकाळी मुलांना मागे ओढून आणावं लागत नाही. फक्त नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल पाहायला ओहोटीच लागते. म्हणजे तुम्हाला नडली तीच ओहोटी त्याला शोधत जावं लागेल. त्याच्या तारखा कळवा, वेळा काढून देतो.