उचल कोण देणार?

बुधवारी संध्याकाळी शेतावरून भाजी आणायची असते. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात आम्ही राहतो. इथे एका शेतात आमच्या घराचा वाटा आहे. पैसे फेब्रुवारीत भरायचे. तेव्हा शेतावर बर्फ असतो आणि बी अजून पाकिटात. मग जूनपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत दर आठवड्याला एक पेटी मिळते. तीत काय असेल, किती असेल, याची हमी कुणी देत नाही. शेतात पिकेल त्यातला वाटा आपला, आणि पिकलं नाही तर तो तोटाही आपला.

जपानमध्ये ही रीत १९७०च्या दशकात रुजली. अमेरिकेत ती १९८६च्या हंगामात आली, याच राज्यातल्या साउथ एग्रीमाँटच्या एका शेतावर आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये.

पेटी सुरू झाल्यापासून आमच्या रात्रीच्या जेवणाची घडीच बदलली. पूर्वी रविवारी मी आठवड्याचा बेत लिहायची आणि यादी घेऊन दुकानात जायची. आता आधी पेटी उघडायची, मग बेत. बुधवारी रात्री पहिलं काम म्हणजे मुळा आणि बीट यांचा पाला कापून वेगळा करणं, नाहीतर कंद दोन दिवसांत मऊ पडतात. तो पाला त्याच रात्री किंवा गुरुवारी संपवायचा, डाळ-दाणे घालून पातळ भाजी नाहीतर पीठ पेरून. शुक्रवारी कोवळ्या शेंगा, काकडी. नवलकोल, गाजर, कोबी धीर धरतात, ते सोमवार-मंगळवारसाठी ठेवायचे. जूनच्या शेवटी लसणाचे हिरवे दांडे येतात, त्यांचा तीळ घालून ठेचा होतो. जुलैत झुकिनी इतकी येते की आठवड्यातून दोनदा थालीपीठं लागतात. ऑक्टोबरात लाल भोपळा आला की घारगे. मुलं पहिल्या वर्षी कुरकुरली. आता पेटी तीच उघडतात.

यात मला नवं काही वाटलं नाही. भोगीला आई वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर, बोरं, जे त्या आठवड्यात रानात असेल ते एका पातेल्यात घालायची. त्या दिवशी बेत शेत ठरवायचं. वर्षातून एकदा जपलेली ती रीत इथे मला वीस आठवडे पाळावी लागते.

जुलै २०२३ मध्ये मात्र या वाट्याचा अर्थ खरा कळला. मुसळधार पावसानं नदी शेतांत शिरली. पुराचं पाणी लागलेलं पीक वरून कितीही ताजं दिसलं तरी इथल्या नियमांनुसार ते खाण्यासाठी विकता येत नाही. उभी पिकं नांगरून टाकावी लागली. पुढचे काही आठवडे आमच्या पेटीत उंचवट्यावर वाचलेलं तेवढंच येत होतं. आम्ही पिठलं, उसळी, बटाटे यांवर जेवणं काढली. पैसे परत मागायचं आमच्या मनातही आलं नाही, कारण ते आम्ही भाजीसाठी दिलेच नव्हते. ते त्या हंगामासाठी होते.

नेमक्या त्याच जुलैत भारतात टोमॅटो शंभरी ओलांडून कुठे कुठे दोनशे रुपये किलोवर गेला होता. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. माझा मामेभाऊ नारायणगावजवळ टोमॅटो करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, मे महिन्यात वीस किलोच्या क्रेटला तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. प्लॉट सोडून दिला. आता भाव आहे, पण माझ्याकडे माल कुठाय?" ऑगस्टमध्ये सरकारनं नेपाळहून टोमॅटो आणायचं ठरवलं आणि कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं. डिसेंबरात कांद्याची निर्यातच बंद केली. त्याआधी सप्टेंबरात टोमॅटो पुन्हा कोसळला होता आणि रस्त्यावर फेकला जात होता. भाव चढले की शहर ओरडतं आणि सरकार धावतं. मे महिन्यातल्या त्या क्रेटसाठी कुणी ओरडलं नाही.

आपल्याकडे या वादाचं उत्तर ठरलेलं असतं: मधले आडते हटवा. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, शहरांत शेतकरी आठवडे बाजारही भरू लागले. चांगलंच झालं. पण तिथे पैसा माल विकल्यावर मिळतो. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू, तार, सुतळी, फवारणी हा सगळा खर्च त्याच्या कितीतरी आधी होतो. तेव्हा उचल, म्हणजे येणाऱ्या मालावर आगाऊ रक्कम, देतो तो आडत्या. मग माल त्याच्याच गाळ्यावर न्यायचा, तो काढील ती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मान्य करायची. आडत्याला हटवायचं म्हणणाऱ्यांनी लागवडीच्या वेळी ती उचल कोण देणार, हेही सांगायला हवं. इथे फेब्रुवारीत ते काम आम्ही घरं करतो. माझ्या मते सगळी कळ तिथे आहे.

इथलं सगळंच उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणत नाही. या शेतांवर राबणारे हात बरेचदा जमैका आणि मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर आलेले असतात, कुटुंबापासून महिनोन्‌महिने दूर. आमच्या ताज्या पाल्यामागे त्यांचे कष्ट आहेत, हे विसरून या रीतीचं कौतुक करणं मला पटत नाही. शेकडो डॉलर एकदम भरणंही सगळ्यांना जमत नाही. अन्नासाठी सरकारी मदत घेणाऱ्या घरांनी शेतकऱ्याकडून भाजी घेतली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत देणारी योजना या राज्यानं २०१७ मध्ये सुरू केली. तिच्याशिवाय हा फक्त सुखवस्तू लोकांचा मामला राहिला असता.

पुण्यातली वहिनी वेगळंच विचारते. "अगं, आमच्या दारात रोज ताजी भाजी येते. पेटी घेतली तर आमच्या भाजीवालीनं काय करायचं?" तिचं म्हणणं मला मान्य आहे. भाजीवालीला डावलून शेतकऱ्याला जगवता येणार नाही. शिवाय आमचं शेत पेटीसाठी मुद्दाम चाळीसेक भाज्या लावतं. मामेभावाच्या दीड एकरात सगळं एकाच पिकाचं असतं, त्यातून कुणाची पेटी भरणार?

तरीही गेल्या वर्षी आम्ही प्रयत्न केला. पुण्यातली तीन घरं आणि इथून आम्ही, अशा चौघांनी लागवडीआधी प्रत्येकी पाच हजार रुपये मामेभावाला दिले. त्यानं टोमॅटोच्या कडेला चार गुंठ्यांत मेथी, गवार, काकडी, दुधी केला. आमचा वाटा वहिनीच्या भाजीवालीकडे जातो, ती तो विकते आणि पैसे तिचेच. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा पिशवी रिकामी आली. एकदा गारपिटीनं मेथी झोपली, एकदा गाडी मिळाली नाही. एका घरानं पुढच्या हंगामाला नाही म्हटलं आहे. आम्ही दिलेली रक्कम मामेभावाच्या एकूण उचलीपुढे किरकोळ आहे, हे मला ठाऊक आहे. त्यानं मात्र तेवढी रक्कम आडत्याकडून कमी घेतली.

परवा वहिनीचा फोन आला. सलग तिसऱ्या आठवड्यात दुधीच आला होता आणि घरात कुणी खायला तयार नव्हतं. मी तिला सालीची चटणी सांगितली, तीळ आणि खोबरं घालून. कीस पिळून ज्वारीच्या पिठात मुठिये करायला सांगितले. पुढच्या आठवड्याला गवार आहे, असं मामेभावानं कळवलंय.