कोमट

जानेवारीतल्या सकाळी सव्वासहाला शॉवरखाली उभं राहायचं आणि गरमाचा नळ पूर्ण सोडूनही अंगावर कोमट पाणी घ्यायचं, हा छळ मी तीन आठवडे सोसला. गार पाणी असलं तर निदान ‘हर हर गंगे’ म्हणता येतं. कोमट पाण्याला काय म्हणणार? त्यातून आम्ही पुण्यातल्या पाषाणचे. शिवाजीनगरच्या वेधशाळेचं तापमान वाचून मनातल्या मनात एखाद-दोन अंश वजा करणारी माणसं.

आईचं निदान तयार होतं. ‘बंब मोडीत घातलात तेव्हाच म्हटलं होतं.’ तो बंब आजोबांनी तांबट आळीतून आणलेला. विषय दर थंडीत निघतोच, यंदा तिला पुरावा मिळाला.

पहिला संशय गिझरवर. मेकॅनिकने कॉइलवरून वाटीभर क्षार खरवडला (‘टँकरचं पाणी घेता ना?’), थर्मोस्टॅट 60 वर नेला, सातशे रुपये नेले. पाणी कोमटच.

मग खालचे काका कागद घेऊन वर आले. निवृत्त इंजिनिअर. ‘टाकी 15 लिटर, कॉइल 2 किलोवॅट. 20 अंशांचं पाणी 60 वर न्यायला 21 मिनिटं. त्यात गार मिसळून आंघोळीजोगं होणार 30 लिटर. आणि हा तुमचा शॉवर...’ काकांनी मान वर करून ताटाएवढ्या शॉवरकडे पाहिलं. ‘मिनिटाला 10 लिटर तरी सोडत असेल. म्हणजे तीन मिनिटांत खेळ खलास!’

गणित चोख होतं. फक्त माझी पहिली तीन मिनिटंसुद्धा कोमट होती. हे कळल्यावर काकांनी कागदाची घडी घातली आणि चहा न घेता गेले. चहाचं आम्ही विचारलं होतं, हेही नमूद करतो.

शेवटी प्लंबर. त्याने काहीच खोललं नाही. गिझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद केला आणि म्हणाला, ‘आता गरमाचा नळ सोडा.’ सोडला. पाणी धो धो! गिझरमध्ये थेंब जात नाही, मग हे येतंय कुठून?

‘गार पाणी गरमाच्या लाइनीत घुसतंय. कुठला तरी गार-गरमाचा मिक्सर नळ उघडा राहिलाय.’

‘शक्यच नाही. उघडा असता तर गळला नसता का?’ मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

तो सगळे नळ बघत बघत ड्राय बाल्कनीत पोचला आणि थांबला. भांड्यांना गरम पाणी हवं म्हणून मावशींनी हट्ट धरला, तेव्हा दिवाळीत तिथे मिक्सर बसवला होता. त्याला मी हौसेने पाइप जोडला होता आणि पाइपच्या टोकाला पितळी गन. घोडा दाबला की कुंड्यांवर फवारा, सोडला की बंद. नळाशी रोज कोण वाकणार, म्हणून मिक्सर कायम उघडा. आणि तुळशीला थंडी बाधू नये म्हणून दांडा बरोब्बर मधोमध. टोक बंद, त्यामुळे गळायचं काही नाही. पण आत दोन्ही लाइनी जोडलेल्या. गिझरमधून वळसा घालण्यापेक्षा गार पाणी या जवळच्या वाटेने थेट शॉवरला जात होतं.

प्लंबरने एका बोटाने दांडा खाली दाबला. दोनशे रुपये. बायको माझ्याकडे न बघता तुळशीकडे बघत होती. तुळस टवटवीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शॉवरखालून मी किंचाळत बाहेर उडी मारली. थर्मोस्टॅट अजून 60 वरच होता.

‘काय झालं रे?’ बाहेरून आई.

‘भाजलं!’

‘बंबाचं पाणी असं भाजायचं नाही हो कधी.’