सोलापूरच्या आभाळात "हातभर अंतरावरून" गेलेली दोन विमानं

जुळे सोलापुरातल्या कुठल्यातरी गच्चीवरून काढलेला तो व्हिडिओ माझ्या तीन ग्रुपवर आलाय. दोन पांढऱ्या रेघांची फुली, आणि खाली लिहिलंय: "दोन विमानं हातभर अंतरावरून गेली, सेपरेशन गेलं म्हणजे टक्करच होती, कंट्रोलर झोपला होता, प्रकरण दाबलंय." शेजारच्या काकूंनी हे बघून लेकाचं गोव्याचं तिकीट रद्द करायला लावलं, म्हणून लिहितोय. (सेपरेशन म्हणजे दोन विमानांत ठेवायचं किमान अंतर, आणि कंट्रोलर म्हणजे जमिनीवरून विमानांना उंची-दिशा सांगणारा माणूस.)

हातभर अंतर म्हणता, पण खालून बघताना वर-खालचं अंतर कळतच नाही ओ. ही विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातात, पूर्वेकडं जाणारं ३३ किंवा ३५ हजार फुटांवर, पश्चिमेकडं जाणारं ३४ किंवा ३६ हजारांवर. मधे राहिले १००० फूट, म्हणजे ३०० मीटर, त्यात ए-३२० जातीची प्रवासी विमानं उभी करून एकावर एक ठेवली तर आठ बसतील. गच्चीवरून मात्र नुसती फुली दिसते.

सेपरेशन गेलं म्हणजे टक्कर, हेही चूक. रडारखाली एकतर वर-खाली १००० फूट पाहिजे नाहीतर आडवं ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर (विमानतळाजवळ ३ मैलही चालतात). दोन्ही एकाच वेळी कमी पडलं की सेपरेशन गेलं, मग ते ९०० फूट आणि साडेचार मैल का असेना, नोंद होते. पण म्हणून ते किरकोळ आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण समोरासमोरची दोन जेट मिळून ताशी १८०० किलोमीटरनं जवळ येतात आणि ते सव्वानऊ किलोमीटर १८-१९ सेकंदात संपतात.

आता कंट्रोलर झोपला होता हे, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. हरियाणातलं चरखी दादरी आठवा, १२ नोव्हेंबर १९९६, दोन विमानं हवेत आदळून ३४९ माणसं गेली. कंट्रोलरनं सौदी विमानाला १४ हजार आणि कझाक विमानाला १५ हजार फूट दिले होते, समोर विमान आहे हेही सांगितलं होतं, तरी कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली गेलं आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसतच नव्हती. कंट्रोलरच्या चुका होतात, नाही कशाला म्हणू. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं आदळून ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी पोरं. टक्कर टाळायला वर जा की खाली जा ते सांगणारं विमानातलं टीकॅस यंत्र रशियन पायलटांना वर जा म्हणत होतं, कंट्रोलर खाली जा म्हणाला, त्यांनी कंट्रोलरचं ऐकलं आणि दुसऱ्या विमानाला त्याचं टीकॅस खालीच पाठवत होतं. पण त्या रात्री तो कंट्रोलर एकटा दोन स्क्रीन सांभाळत होता, जोडीदार विश्रांतीला गेलेला, फोनची मुख्य लाईन दुरुस्तीला बंद. पुढं २००४ मधे त्या अपघातात बायकापोरं गमावलेल्या एका बापानं त्या कंट्रोलरला त्याच्या घराच्या दारात ठार मारलं. पुरावा नसताना "झोपला होता" लिहिताना एवढं तरी डोळ्यासमोर आणा.

आज कंट्रोलर एक आणि टीकॅस दुसरंच सांगत असेल तर पायलटनं टीकॅसचंच ऐकायचं, हा धडा तिथलाच.

आणि दाबलंय म्हणाल तर अशा घटना डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवणं बंधनकारक आहे, गंभीर धरलेल्यांचे चौकशी अहवाल एएआयबी या विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाईटवर कुणालाही वाचता येतात.

ज्यानं व्हिडिओ काढला त्यानं तारीख आणि वेळ तेवढी सांगावी, फ्लाइटरडार या विमानं कुठं आहेत ते दाखवणाऱ्या वेबसाईटवर दोन्ही विमानांची उंची फुटात दिसते, बघायला दहा मिनिटं लागतील.