डग्लसची पुढचीच लढत टायसनशी नव्हती

यात्रेच्या फडात हरलेल्या पोरांना उभारी द्यायला सांगलीतल्या तालमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बॉक्सिंगमधल्या जगज्जेत्या माइक टायसनबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘१९८७ ला हरलेल्या बस्टर डग्लसनं पुढच्याच लढतीत टायसनला लोळवलं.’ हेतू चांगला, हिशेब साफ चुकीचा. टोनी टकरकडून हरल्यावर डग्लस आधी सलग सहा लढती जिंकला. त्यात ट्रेव्हर बर्बिक आणि ऑलिव्हर मॅकॉलसारखे तगडे गडी होते. मग ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत, दहाव्या फेरीत टायसन आडवा. (तोंडातून पडलेलं रबरी गार्ड चाचपडत रांगणारा टायसन बघितलाय ना? तीच लढत.)

हरल्यावर लगेचच जगज्जेता झालेला गडी हवा असेल तर मुहम्मद अली घ्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सनं किताब हिसकावला, सप्टेंबरमध्ये अलीनं न्यू ऑर्लिन्सला त्याच्याकडूनच परत घेतला. फ्लॉइड पॅटरसनचंही तसंच. फक्त १९५९ ला किताब हिसकावणाऱ्या योहान्सनचा हिशेब चुकता करायला त्याला १९६० उजाडलं.