गेटबद्दलचा तो मेसेज, मुद्द्यामुद्द्याने

गणपती विसर्जन झालं की जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर गेटबद्दल, म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एम.टेक.ला जाण्यासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरला. त्याचं सार असं: गेटचा फॉर्म शेवटचं वर्ष पास झाल्यावरच भरता येतो. शंभराच्या आत रँक नसेल तर स्कोअर म्हणजे रद्दी. चुकलं की गुण कापतात, म्हणून खात्री नसलेल्या प्रश्नाला हातच लावू नका. पुण्या-दिल्लीला वर्षभर क्लास लावल्याशिवाय आपल्याकडच्या पोरांचं काम नाही. आणि भरायचाच असेल तर शेवटच्या दिवशी कॅफेवर जाऊन भरा, राखीव प्रवर्गांना अर्धी फी आहे. खाली हात जोडलेले आणि ‘आपल्या भावांपर्यंत पोहोचवा’.

अमळनेरकडच्या एका विद्यार्थ्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, हाऊ मेसेज खरा शे का?" फीचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं वाचून पोरं फॉर्मच भरत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

शेवटच्या वर्षाचं आधी. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाराही गेटला बसू शकतो. वयाची अट नाही, किती वेळा बसायचं यालाही मर्यादा नाही. स्कोअर निकालापासून 3 वर्षं चालतो. म्हणजे तिसऱ्या वर्षाला असताना मार्च 2026 मध्ये लागलेला निकाल मार्च 2029 पर्यंत उपयोगी. तिसऱ्या वर्षी पेपर बघून आलेला मुलगा चौथ्या वर्षी निदान बिचकत तरी नाही. मेसेज नेमकी हीच संधी घालवतो.

आता ‘रद्दी’. शंभराच्या आतली रँक मुंबई-दिल्लीच्या आयआयटीत कॉम्प्युटरची शाखा हवी असेल तर लागते, हे मान्य. पण गेट म्हणजे तेवढंच नव्हे. एनआयटींचे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचे, एम.टेक.चे प्रवेश सीसीएमटी या सामाईक फेरीतून होतात, आणि त्यातली सुरतची एसव्हीएनआयटी नंदुरबार-दोंडाईचाच्या पोरांना पुण्यापेक्षा जवळ आहे. सुरत-भुसावळ लाइनची गाडी थेट नेऊन सोडते. आपल्या राज्यातल्या एम.टेक.च्या प्रवेशातही गेटवाल्यांना अग्रक्रम मिळतो. शिवाय गेट पात्र होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्याला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. पात्रतेची रेघ खुल्या प्रवर्गासाठी 100 पैकी किमान 25 गुणांची. पेपरला बसलेल्यांच्या गुणांची सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेत त्याचं माप) यांची बेरीज त्याहून जास्त आली तर रेघ तिथे सरकते. ओबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी त्याच्या 90 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी दोन तृतीयांश. कापसाच्या भावावर घर चालतं तिथे महिन्याच्या 12,400 ला रद्दी म्हणायला मोठं काळीज पाहिजे.

गुण कापण्याचा मुद्दा मात्र नीट मांडून बघायला हवा, कारण इथे मेसेज ऐकणाऱ्याचे गुण खरोखर जातात. पेपर 65 प्रश्नांचा, 3 तासांचा. प्रश्न तीन प्रकारचे. चारांतून एक निवडायचा असेल तर चुकल्यावर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण जातो. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात त्या प्रश्नांना आणि उत्तराचा आकडा स्वतः टाकायच्या प्रश्नांना काहीच कापत नाहीत. ते कोरे सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. चार पर्यायांच्या प्रश्नातही हिशोब करा. डोळे मिटून ठोकलं तर चारांत एकदा 1 मिळणार, तीनदा एक तृतीयांश जाणार: सरासरी शून्य. एक पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं की तीनांत एकदा 1 मिळतो, दोनदा एक तृतीयांश जातो, सरासरी एक नवमांशाने तुमच्या बाजूला. दोन पर्याय गळले तर आणखी चांगलं. तेव्हा ‘खात्री नाही’ आणि ‘काहीच माहीत नाही’ यात फरक करा.

क्लासबद्दल थोडक्यात. क्लास लावू नका असं मी म्हणणार नाही, परवडत असेल तर लावा. पण एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, जुने पेपर गेटच्याच संकेतस्थळावर आहेत, सराव चाचणीही तिथेच. ती द्याच, कारण हॉलमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरची बटणं माउसने दाबावी लागतात. तीन-चार वर्षं कॅसिओवर बोटं चालवलेल्याला ते पहिल्यांदा फार जड जातं.

राहिला फॉर्म. शेवटच्या दिवशी भरायचा सल्ला देणाऱ्याने आपल्याकडच्या पोरांचे कागद पाहिलेले दिसत नाहीत. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी. चौधरीच्या शेवटी एकीकडे इंग्रजी ‘आय’, दुसरीकडे ‘वाय’. गेटच्या फॉर्ममधलं नाव परीक्षेला न्यायच्या मूळ ओळखपत्राशी तंतोतंत जुळावं लागतं. आधार दुरुस्त करायचं तर आधी अपॉइंटमेंट, मग वाट बघणं. हे शेवटच्या संध्याकाळी कॅफेवाला करून देणार आहे का? मुदत हुकली तर विलंब शुल्क: गेट 2026 ला नेहमीची फी 2,000 होती, उशिराची 2,500.

आणि अर्धी फी. ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि सगळ्या मुलींना. खुल्या प्रवर्गातल्या मुलीलाही. ओबीसी मुलाला मात्र पूर्ण फी. फॉर्ममध्ये एनटी, व्हीजे असे रकानेच नाहीत, ती राज्याची वर्गवारी. आपल्याकडचे बंजारा आणि धनगर केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात. घाबरून ‘जनरल’वर टिचकी मारून मोकळी झालेली मुलं मी पाहिली आहेत. पात्रतेची सवलतही त्याबरोबर गेली.

प्रवेशाच्या वेळी ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो 1 एप्रिलनंतर काढलेला मागतात. तेव्हा निकाल मार्चमध्ये लागला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका आणि ‘केंद्राचा’ असं दोनदा सांगा. बारावीचा निकाल लागला की तिथली रांग रस्त्यावर येते.