'फक्त तीन ट्रिक'वाल्या फॉरवर्डचं काय खरंय भो

"बीजगणिताला घाबरू नका, तीनच ट्रिक" हा मेसेज आमच्या चाळीसगावच्या ग्रुपांवर चार दिवस फिरतोय, दहावीतल्या भाचीने तो वहीत उतरवूनपण घेतला म्हणून लिहायला बसलो. त्यात म्हटलंय की असमानता, म्हणजे = ऐवजी लहान-मोठ्याचं चिन्ह असलेलं गणित, समीकरणासारखीच सोडवा, चिन्ह आहे तसंच ठेवा. गुणोत्तर दिसलं की तिरकस गुणाकार. आणि 100 टक्के चढ म्हणजे उभी भिंत.

पहिलं घ्या. −3क्ष < 12. ट्रिकने येतं क्ष < −4. बरं, −5 टाकून बघा, डावीकडे 15 आले, 15 काय 12 पेक्षा लहान आहे का? उलट 0 टाकलं तर बरोबर बसतं आणि ट्रिकने नेमकं त्यालाच बाहेर काढलंय. खरं उत्तर क्ष > −4, कारण उणे संख्येने गुणलं-भागलं की चिन्ह फिरतं. का फिरतं ते किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत बघा, खिशात 500 असलेला 200 वाल्याच्या पुढे, पण 500 उधारीवाला 200 उधारीवाल्याच्या मागे, आकडे तेच, उणे झाले अन् क्रम उलटला. छेदात क्ष असला की अजून घोळ. 6/क्ष > 2 मधे पोरं क्षने गुणून क्ष < 3 लिहून मोकळी होतात, मग −1 टाका, −6 > 2 होतं का? क्ष धन की ऋण हेच माहीत नाही तर गुणणार कसं! उत्तर 0 आणि 3 च्या मधे.

दुसरं. 6 बाया 4 दिवसांत कापूस वेचतात, 12 बायांना किती दिवस? तिरकस गुणाकार म्हणतो 8. वेचणीला गेलेली कुठलीही मावशी हसेल. 6 × 4 = 24, भागिले 12, 2 दिवस. हां, एका बाईची मजुरी अमुक तर 12 जणींची किती, तिथे ट्रिक चालते. भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातच त्रैराशिक (एक वाढलं की दुसरंही वाढतं) वेगळं अन् व्यस्त त्रैराशिक (एक वाढलं की दुसरं घटतं) वेगळं सांगितलंय, त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या आपल्या पाटणलाच, आणि आपण पाटणादेवीला फोटो काढून येतो अन् हे फॉरवर्ड करतो.

तिसरं तर सरळ चूक. चढ म्हणजे वर किती गेलो भागिले आडवं किती गेलो. 100 आडवं, 100 वर, झाला 100 टक्के, कोन 45 अंश. चढ दुप्पट केला तरी कोन 63 च्या आसपासच जातो. उभ्या भिंतीला आडवं अंतरच 0, भागणार कशाने? मुंबईहून भुसावळकडे येताना कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला जादा बँकर इंजिनं लावतात ना, तिथला चढ 37 मीटरला 1 मीटर, म्हणजे 2.7 टक्के, जेमतेम दीड अंश. भाचीला कोनमापकाने दीड अंश काढायला लावला, रेघ जवळपास आडवीच दिसली, "मामा, एवढ्याला इंजिनं लागतात?" म्हणाली अन् वहीतलं पान फाडलं.